गोव्याला कोणी विचारले?

आमच्या बिद्रीपासून जवळच मुदाळ तिट्टा आहे. निपाणीहून मुरगूडमार्गे येणारा रस्ता इथून राधानगरी, दाजीपूर करीत फोंडा घाट उतरतो आणि कोकणात जातो. लहानपणी माझी समजूत होती की घाटाखालचा फोंडा म्हणजेच गोव्यातला फोंडा. पुढे कळले की फोंडे दोन आहेत. एक आपल्या सिंधुदुर्गातला, दुसरा गोव्यातला. १९४७ नंतरही चौदा वर्षे या दोन फोंड्यांच्या मध्ये परक्या सत्तेची सरहद्द होती. अलीकडे भारत, पलीकडे पोर्तुगाल. गोवा मुक्तिसंग्रामाबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात सत्याग्रहींचे शौर्य आहे, सैन्याचा विजय आहे, ४५१ वर्षांची गुलामी संपल्याचा आनंद आहे. हे सारे खरेच आहे. पण या लेखनात दोन गोष्टी बहुधा सुटतात. पहिली, या गुलामीच्या पहिल्या पानावर कोणाचे रक्त सांडले होते ती. दुसरी, दोन सत्तांच्या मध्ये सापडलेल्या गोव्याच्या माणसाला स्वतःला काय हवे होते, हे त्याला कोणी आणि केव्हा विचारले ती. या दोन्ही गोष्टींचा आपल्याशी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या मुसलमानांशी, जवळचा संबंध आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

पहिले पान

१५१० साली गोवा विजापूरच्या आदिलशाहीत होता. मांडवीच्या काठावरचे हे भरभराटीचे बंदर होते. अरबस्तान आणि इराणचे घोडे येथे उतरत. त्या वर्षाच्या आरंभी अफोंसो द आल्बुकेर्कने होनावरच्या तिमोजाच्या साहाय्याने ते घेतले. आदिलशाही करांना कंटाळलेल्या स्थानिक हिंदूंपैकी काहींनी त्याला साथ दिली, हे नाकारण्याचे कारण नाही. आदिलशाही फौजेने दोन-तीन महिन्यांत गोवा परत मिळवला. परंतु २५ नोव्हेंबर १५१० रोजी आल्बुकेर्क पुन्हा आला आणि या वेळी त्याने शहर कायमचे जिंकले. त्यानंतर जे घडले ते कोणा मुस्लिम तवारीखकाराने रंगवून सांगितलेले नाही. खुद्द आल्बुकेर्कने आपल्या राजाला पाठवलेल्या पत्रात ते अभिमानाने लिहिले आहे. बाया-मुलांसह सुमारे ६ हजार मुसलमान मारले गेले, मशिदींत माणसे कोंडून आग लावण्यात आली. ज्या बायका वाचल्या त्यांतील अनेकींना बाप्तिस्मा देऊन त्याने आपल्या शिपायांशी त्यांची लग्ने लावली.

म्हणजे पोर्तुगीज सत्तेचा पाया ज्यांच्या प्रेतांवर घातला गेला ते गोव्याचे मुसलमान होते. गोव्याच्या दुःखाची कहाणी सांगताना हे पान सहसा कोणी उघडत नाही. आपणही उघडत नाही. आपल्याला विजापूरचा गोल घुमट माहीत असतो, पण पणजीच्या नदीकाठी उभे असलेले जुने सचिवालय मुळात आदिलशहाचा वाडा होते, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? पोर्तुगीज त्याला आदिलखानाच्या बिघडलेल्या उच्चारावरून इदालकांवचा वाडा म्हणत. पुढे शे-दीडशे वर्षे व्हाइसरॉय त्यातच राहिले.

समुद्रावरची सत्ताही त्यांच्याकडे गेली. हजला जाणाऱ्या जहाजांनासुद्धा पोर्तुगिजांचा परवाना घ्यावा लागे. त्याला कार्ताझ म्हणत. त्यावर येशू आणि मेरीची चित्रे असत. अकबराच्या काळात उलेमांनी असा परवाना घेऊन हजला जाणे योग्य की अयोग्य याचा वाद घातला होता. हिंदुस्थानच्या बादशहाच्या प्रजेला मक्केला जाण्यासाठी गोव्याच्या गव्हर्नरची परवानगी लागावी, इतका हा छोटा प्रदेश तेव्हा बलवान होता.

फोंड्यातला आसरा

याच इतिहासाला एक दुसरी बाजू आहे. ती सांगितली जाते, पण अर्धीच. तिसवाडी, बार्देस आणि सासष्टी हे तीन महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात पक्के झाल्यावर तेथे देवळे पाडली जाऊ लागली. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झाले. ते मधली काही वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत चालले. तेव्हा लोकांनी आपापले देव रातोरात नदीपार नेले. कुठ्ठाळीचा मंगेश, केळोशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा, लोटलीचा रामनाथ हे सारे फोंडे महालात गेले. आज गोव्याला जाणारा प्रत्येक मराठी प्रवासी मंगेशीला आणि कवळ्याला जातो. देव येथे का आले, ते पुजारी सांगतात. पण जेथे आले तो मुलूख कोणाचा होता, हे क्वचितच सांगितले जाते. तो मुलूख विजापूरच्या आदिलशहाचा होता. त्याच फोंड्यात सफा मशीद उभी आहे. तिच्या बांधकामाचे साल १५६० असेच दिले जाते. मशिदीपुढचा चिऱ्यांचा तलाव आजही पाहण्यासारखा आहे.

यावरून आदिलशाही म्हणजे सर्वधर्मसमभावाचे रामराज्य होते, असा निष्कर्ष मला काढायचा नाही. सुलतानांचे धोरण राजकारणाच्या सोयीने चाले. पोर्तुगीज शत्रू होते, त्यांच्यापासून पळून आलेल्यांना आसरा देणे सोयीचे होते. तरीपण इतके तरी खरे की, ज्या काळी नदीच्या एका तीरावर देव फोडले जात होते, त्या काळी दुसऱ्या तीरावर मुसलमान राजाच्या मुलखात ते पुन्हा बसवले जात होते. ही गोष्ट आपण अभिनिवेश न आणता सांगितली पाहिजे.

सालाझारचा गोवा

आता विसाव्या शतकाकडे येऊ. गोव्यात असंतोष नवा नव्हता. १७८७ चा पिंटोंचा कट, सत्तरीच्या राण्यांची बंडे ही परंपरा जुनीच होती. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले तेव्हा हिंदू-मुसलमानांना कायद्याने बरोबरीचा दर्जा मिळाला आणि थोडा मोकळा वारा वाहू लागला. पण १९२६ मध्ये तेथे लष्करी हुकूमशाही आली, आणि १९३२ पासून पंतप्रधान सालाझारने सारी सूत्रे आपल्या हाती घेतली. १९३० च्या वसाहत कायद्याने गोमंतकीय पुन्हा दुय्यम ठरले. सभा घेता येईना, पत्रक काढता येईना. लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी सरकारला दाखवावी लागे.

१९२८ मध्ये त्रिस्ताँव द ब्रागांझ कुन्य यांनी गोवा काँग्रेस समिती स्थापन केली होती. परंतु चळवळीला खरे तोंड फुटले ते १८ जून १९४६ रोजी. असोळण्याला डॉ. जुलियाँव मिनेझिस यांच्याकडे विश्रांतीसाठी आलेल्या डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात बंदी मोडून सभा घेतली. त्यांना अटक झाली. नंतर कुन्य, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे यांना शिक्षा देऊन पोर्तुगालला धाडण्यात आले. या नावांकडे पाहिले तर हिंदू आणि ख्रिस्ती खांद्याला खांदा लावून उभे दिसतात. गोव्याचा लढा एका धर्माचा दुसऱ्या धर्माविरुद्ध नव्हता, याचा याहून वेगळा पुरावा नको.

१९४७ मध्ये इंग्रज गेले. दोन वर्षांनी, १ मार्च १९४९ रोजी, आमचे कोल्हापूर संस्थानही मुंबई प्रांतात विलीन झाले. गोव्याच्या तीन बाजूंना आता एकच मोठा देश होता, चौथ्या बाजूला समुद्र. १९५० मध्ये भारताने वाटाघाटीची मागणी केली. पोर्तुगालने उत्तर दिले की गोवा ही वसाहत नाहीच, तो पोर्तुगालचाच भाग आहे, आणि घरातल्या खोलीबद्दल शेजाऱ्याशी बोलणी कशाला? १९५१ मध्ये त्यांनी आपल्या राज्यघटनेत दुरुस्ती करून वसाहतींना सागरपारचे प्रांत असे नावही देऊन टाकले. १९५३ च्या जूनमध्ये भारताने लिस्बनमधला आपला दूतावास बंद केला.

शेजाऱ्याचा दाब

येथून पुढची आठ वर्षे गोव्यावर दोन्हीकडून दाब येत राहिला. आतून पोर्तुगीज पोलिसांचा, बाहेरून भारताचा. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगरहवेली स्वयंसेवकांनी मुक्त केली. त्यावर पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. आपल्या सैन्याला भारतातून जाण्याचा हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या खटल्यात भारताच्या वतीने नेमलेले न्यायाधीश म्हणून बसले होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले महंमद करीम छागला. १२ एप्रिल १९६० च्या निकालाने पोर्तुगालचा सैन्य आणि पोलीस नेण्याचा हक्क अमान्य केला.

१९५५ साल सत्याग्रहाचे. पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती स्थापन झाली होती. मे महिन्यात ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांनी पहिली तुकडी नेली. त्यानंतर तुकड्यांमागून तुकड्या सरहद्दीकडे निघाल्या. सभांतून शाहीर अमर शेख यांचा पहाडी आवाज घुमत होता. बार्शीचा हा मेहबूब पटेल गोव्यासाठी गात होता आणि संयुक्त महाराष्ट्रासाठीही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवी, तेरेखोल आणि अन्य नाक्यांवरून हजारो निःशस्त्र सत्याग्रही आत शिरले. पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. पंजाबचे कर्नेलसिंग, पनवेलचे हिरवे गुरुजी यांच्यासह वीसहून अधिक जण मारले गेले. देश हादरला.

आणि मग भारत सरकारने सरहद्द बंद केली. भारतीयांच्या सत्याग्रहाला बंदी घातली आणि गोव्याची आर्थिक नाकेबंदी सुरू केली. मुरगाव ते कॅसलरॉक रेल्वे थांबली. टपालाने पैसे पाठवणे बंद झाले. मुंबईत हजारो गोवेकर नोकरीला होते. कोणी जहाजावर, कोणी बँडमध्ये, कोणी साहेबाच्या घरी स्वयंपाकी. त्यांच्या मनिऑर्डरवर गोव्यातील कितीतरी चुली पेटत. त्या मनिऑर्डरी अडल्या. घरी मयत झाले तरी परवान्याशिवाय जाता येईना. गोव्याला तांदूळ, भाजी, कापड, सारे काही घाटावरून जात असे, तेही थांबले.

या नाकेबंदीचा हेतू सालाझारला नमवणे हा होता. सालाझार नमला नाही. दाबोळीला विमानतळ बांधला गेला, तेथून कराचीला विमाने जाऊ लागली. बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून, तांदूळ-भाजी पाकिस्तानातून आणला गेला. लोखंडाचे खनिज जपानला जाऊ लागले आणि खाणमालकांचे उखळ पांढरे झाले. परदेशी घड्याळे आणि दारू यांनी पणजीची दुकाने भरली, चोरट्या वाटांनी तो माल इकडेही येऊ लागला. झळ बसली ती ज्याच्याकडे ना खाण होती ना दुकान, अशा गावातल्या माणसाला. तुरुंगातही तोच होता आणि उपाशीही तोच.

तरी या माणसाचा आवाज पूर्ण दबला नाही. १९५५ च्या नोव्हेंबरात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी आंबोलीच्या जंगलातून एक गुप्त रेडिओ सुरू केला. नंतर तो कॅसलरॉकच्या बाजूला हलवला. कोकणी आणि पोर्तुगीज भाषांतून तो सहा वर्षे बोलत राहिला. मुक्तीची वार्ता गोमंतकीयाला गोमंतकीयानेच त्याच्या भाषेत द्यावी, याला फार अर्थ होता. लिबिया लोबो-सरदेसाई यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हा त्या शंभरीला आल्या होत्या.

दोन पोलिस कारवाया

१९६० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी गोव्यासह पोर्तुगालचे सारे प्रदेश परतंत्र असल्याचे जाहीर केले. १९६१ मध्ये अंगोलात उठाव झाला. आफ्रिकेतील पुढारी नेहरूंना विचारू लागले की, तुमच्या दारातली वसाहत तुम्ही किती दिवस सहन करणार? १७ डिसेंबरच्या रात्री भारतीय सैन्य निघाले आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा याने शरणागती पत्करली. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा सालाझारचा हुकूम होता. तो त्याने मोडला, म्हणून गोव्यातील घरेदारे आणि माणसे वाचली. परत गेल्यावर त्याला त्याबद्दल शिक्षा भोगावी लागली. दोन्ही बाजू मिळून पन्नासएक सैनिक मरण पावले.

या कारवाईच्या वेळी दक्षिण विभागाचे सेनापती होते लेफ्टनंट जनरल जे. एन. चौधुरी. हे नाव मराठवाड्यातल्या मुसलमानाला वेगळ्या संदर्भात ठाऊक आहे. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबादेत सैन्य घेऊन गेले ते हेच चौधुरी. दोन्ही घटनांना आपण पोलिस कारवाईच म्हणतो, पण दोहोंच्या मागोमाग जे घडले त्यात फरक आहे. हैदराबादेत रझाकारांनी अत्याचार केले होते, हे निर्विवाद. पण निजामाच्या शरणागतीनंतर मराठवाड्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत ज्या मुसलमानांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता तेही हजारोंनी मारले गेले. सुंदरलाल समितीने हा आकडा २७ ते ४० हजार असा अंदाजला. तिचा अहवाल २०१३ पर्यंत लोकांसमोर आला नाही. गोव्यात असे काही घडले नाही. चर्चला धक्का लागला नाही, ख्रिस्ती वस्त्या सुरक्षित राहिल्या. जगाचे डोळे गोव्याकडे लागले होते, हे एक कारण. दुसरे म्हणजे गोव्याचे धर्म, भाषा आणि वेगळेपण राखले जाईल, असे वचन नेहरूंनी आधीच पुन्हा पुन्हा दिले होते. सत्ता कोणत्याही मार्गाने येवो, ती आल्यावर अल्पसंख्याकांशी कशी वागते यावर तिची परीक्षा होते. १९६१ मध्ये भारत त्या परीक्षेत उतरला. १९४८ मध्ये मराठवाड्यात तो उतरला नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच दमात म्हणता आल्या पाहिजेत.

दोन पाने आणि एक फूल

मुक्ती झाली. आता दाब दुसऱ्या शेजाऱ्याचा सुरू झाला, आणि तो शेजारी म्हणजे आपण, महाराष्ट्र. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, कोकणी ही मराठीची बोली आहे, असे येथील बहुतेक पक्षांचे आणि साहित्यिकांचे मत होते. गोव्यातही दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष निवडून आला तो याच मुद्द्यावर. त्याच्या पाठीशी बहुजन समाज होता. भाटकारांच्या जाचातून सुटण्याची वाट त्याला महाराष्ट्रात दिसत होती. ते काही चूक नव्हते. बांदोडकरांनी खेड्यापाड्यांत मराठी शाळा काढल्या, त्या शाळांतून पहिल्यांदाच कुळांची मुले शिकली.

पण दुसरे मतही होते. डॉ. जॅक सिक्वेरा यांचा पक्ष विलीनीकरणाच्या विरुद्ध होता. काकोडकरांनी दिल्लीत खेटे घालून विधानसभेच्या ठरावाऐवजी लोकांचा थेट कौल घ्यायला लावला. विलीनीकरणाविरुद्ध सर्वांत तिखट प्रचार केला तो चंद्रकांत केणी यांच्या ‘राष्ट्रमत’ने, आणि हे दैनिक मराठी होते. मराठीवर प्रेम करूनही महाराष्ट्रात न जाण्याचा हक्क आहे, हे त्यांनी मराठीतच सांगितले. कौल तटस्थपणे व्हावा म्हणून बांदोडकरांचे सरकार आधी पायउतार झाले. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, वेगळे राहण्याचे चिन्ह दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. अवघ्या ३४ हजारांचा फरक, पण उत्तर स्पष्ट होते. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले.

१५१० पासून १९६७ पर्यंत साडेचारशेहून अधिक वर्षांत या भूमीच्या माणसाला ‘तुला कोठे राहायचे आहे?’ असा सरळ प्रश्न विचारला गेला तो याच एका दिवशी. आदिलशहाने विचारले नव्हते, आल्बुकेर्कने नाही, सालाझारने तर नाहीच. नाकेबंदी करतानाही कोणी विचारले नाही. आज समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की गोव्याचे उदाहरण दिले जाते. तो कायदाही पोर्तुगालच्या १८६७ च्या संहितेतून आलेला आहे. लादताना गोव्याच्या मुसलमानाला कोणी विचारले नाही आणि १९६२ मध्ये पुढे चालू ठेवतानाही नाही. तो कायदा चांगला की वाईट, हा वेगळा विषय आहे. पण ज्याचे उदाहरण दिले जाते त्याचे म्हणणेही कधीतरी ऐकावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

आपल्यापुरते

आपण हे का लक्षात ठेवायचे? १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा आपण काय सांगत होतो? मुसलमान म्हणजे उर्दू, असे एकीकडून सांगितले जात होते. मुसलमान असून मराठी कशी, असे दुसरीकडून विचारले जात होते. आपण म्हणालो की आमची मातृभाषा कोणती हे आम्ही सांगू. चुलीपाशी जी भाषा आम्ही बोलतो ती आमची. जो हक्क आपण आपल्यासाठी मागितला तोच गोमंतकीयाने कोकणीसाठी मागितला. त्या वेळी समोर उभा असलेला मोठा शेजारी मराठी होता, म्हणून तो हक्क कमी होत नाही. ज्याला स्वतःच्या घरात अल्पसंख्य असण्याचा अनुभव आहे, त्याला हे इतरांपेक्षा लवकर कळायला हवे.

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात मुसलमान ८.३३ टक्के आहेत. त्यांतील कोणी कर्नाटकातून आलेले, कोणी महाराष्ट्रातून, कोणी सत्तरी-डिचोली-फोंड्याचे पिढ्यान्पिढ्यांचे. घरी कोणी कोकणी बोलतो, कोणी उर्दू, कोणी कानडी. त्यांना अधूनमधून ‘बाहेरचे’ म्हटले जाते. ज्या भूमीच्या इतिहासाचे पहिले पान त्यांच्या पूर्वधर्मीयांच्या रक्ताने भिजले आहे, ज्या भूमीवर मंगेश आणि सफा मशीद एकाच मुलखात शेजारी नांदले, तेथे हा शब्द वापरताना क्षणभर थांबायला हवे.

मुदाळ तिट्ट्यावर आता गोव्याला जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या चहाला थांबतात. सरहद्द उरली नाही, नाके पुसले गेले. फोंड्याला गेलात तर मंगेशीचे दर्शन घ्या, आणि परतताना सफा मशिदीच्या तळ्याकाठीही घडीभर बसा. दोन्ही मिळूनच गोव्याची गोष्ट पुरी होते.